फुलं तोडा! – स्वीट पीच्या वाफ्याविषयी थोडंसं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त १५ ऑगस्टला ध्वजवंदनानंतर हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढला आहे. बोललेलं शक्यतो बोलल्यासारखंच ठेवलं आहे.)



मला वीस मिनिटं दिलेली आहेत. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. वेळ झाली की काउंटर बंद करायची सवय अजून गेलेली नाही, तेव्हा समोसे गार होतील ही काळजी नसावी.

विषय आहे स्वीट पी. बी विंगच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून जो दहा फुटांचा वाफा गेले तीन हिवाळे तुम्ही पाहताय, बांबू आणि सुतळीची जाळी लावलेला, त्यावर डिसेंबरपासून गुलाबी, जांभळी, पांढरी, फिकट निळसर फुलं येतात, ती ही. आपल्यापैकी काही जण त्याला ‘गोड वाटाणा’ म्हणतात. हे नाव चुकीचं आहे आणि धोक्याचंही आहे. का, ते पुढे सांगतो.

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो. आपल्या बागेत गेटपाशी एक पाटी आहे, ‘फुले तोडू नयेत’. ही पाटी जास्वंदीला लागू आहे, तगरीला लागू आहे. पहाटे साडेपाचला पिशवी घेऊन येणाऱ्यांना तर ती विशेषच लागू आहे, नावं घेत नाही. पण स्वीट पीच्या वाफ्यावर मला उलटी पाटी लावायची आहे: ‘फुले तोडा’. ही गंमत नाही. हे झाड तोडलं नाही तर फुलायचं थांबतं.

पहिल्या हिवाळ्यात काय झालं ते जुन्या मंडळींना आठवत असेल. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली फुलं आली. मी तेव्हा रोज सकाळी कापत होतो आणि वॉचमनच्या टेबलावर ग्लासात ठेवत होतो. जानेवारी लागला आणि आम्ही दोघं मुलीकडे बंगळूरला गेलो, तीन आठवडे. इकडे सगळ्यांनी फार प्रेमाने वाफा सांभाळला. पाणी वेळेवर, मुलांना चेंडू लांब खेळायला सांगितला, आणि पाटीचा मान राखून एकाही माणसाने एकही फूल तोडलं नाही. जो तो यायचा, वास घ्यायचा, मोबाइलवर फोटो काढायचा, जायचा. आम्ही परत आलो तर वेलावर वालासारख्या शेंगा लटकलेल्या आणि खालची पानं पिवळी. फूल औषधालासुद्धा नाही. थंडी अजून चांगली महिनाभर बाकी होती.

दुसऱ्या वर्षी मी वॉचमनच्या केबिनमध्ये एक कात्री आणि एक वही ठेवली. ज्याला हवं त्याने कापावं, फ्लॅट नंबर आणि देठांची संख्या लिहावी. सवय दुसरं काय, एंट्री नसली तर मला झोप येत नाही. त्या वर्षी त्याच वाफ्यावर, तेवढ्याच वेलांवर, मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फुलं होती. शेवटी उन्हानेच ती थांबवली.

यात जादू काही नाही. स्वीट पी हे एका हंगामाचं झाड. फूल त्याला आपल्यासाठी नाही, बियांसाठी आणायचं असतं. शेंग धरली, बी भरायला लागलं, की वेल आपली सगळी ताकद तिकडे वळवतो, नव्या कळ्या धरत नाही. वर्षाचं काम झालं, आता वाळायला मोकळा. पण शेंग धरायच्या आत फूल कापलं तर त्याचं काम राहून जातं, आणि तो पुन्हा कळी काढतो. पुन्हा कापा, पुन्हा काढतो. गवारीची, भेंडीची कोवळी शेंग वेळेवर तोडली नाही तर पुढचं पीक मंदावतं, हे गावाकडे शेती असलेल्यांना सांगायला नको. हे तेच आहे, फक्त भाजीऐवजी फूल.

आता थोडं कूळ-मूळ. हे फूल इटलीच्या दक्षिणेला सिसिली बेट आहे तिथलं. फ्रान्सिस्को कुपानी नावाचा एक संन्यासी वनस्पतींचा अभ्यास करायचा. त्याने १६९९ मध्ये याचं बी इंग्लंडला एन्फिल्ड इथल्या रॉबर्ट युव्हडेल नावाच्या शाळामास्तरांकडे पाठवलं. मूळ फूल अगदी लहान, वरची पाकळी जांभळट आणि खालचे पंख निळसर, पण वास असा की खोली भरावी. पुढची पावणेदोनशे वर्षं त्यात फारसा फरक पडला नाही. मग हेन्री एकफर्ड नावाच्या स्कॉटिश माळ्याने, श्रॉपशर परगण्यातल्या वेम या गावी बसून, एका जातीचा पराग दुसरीवर लावत मोठ्या फुलांच्या किती तरी जाती काढल्या. वेमला तो गेला १८८८ मध्ये, तेव्हा त्याचं वय पासष्ट होतं. आपल्याकडे त्या वयात माणूस ज्येष्ठ नागरिक संघाची वर्गणी भरतो. त्यानंतर १९०० च्या सुमारास आलथॉर्प इथे सायलस कोल या माळ्याला झालरीसारख्या पाकळ्यांचं फूल मिळालं. मालकिणीच्या नावावरून त्याला ‘काउंटेस स्पेन्सर’ म्हटलं. आज जगात प्रदर्शनांत जी मिरवतात ती बहुतेक सगळी या स्पेन्सर घराण्यातली.

इंग्लंडला याचं किती वेड होतं, त्याची एक हकिकत सांगतो. १९११ मध्ये ‘डेली मेल’ या वर्तमानपत्राने घरगुती बागवाल्यांसाठी स्वीट पीच्या गुच्छाची स्पर्धा लावली. पहिलं बक्षीस एक हजार पौंड. त्या काळचे हजार पौंड! लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारो गुच्छ आले. पहिलं बक्षीस मिळालं स्कॉटलंडच्या सीमेवरच्या स्प्राउस्टन या खेड्यातल्या पाद्रीबाईंना, श्रीमती फ्रेझर यांना. आणि तिसरं कोणाला? त्यांच्याच यजमानांना, पन्नास पौंड. एकाच वाफ्यातली फुलं, दोन अर्ज. आमच्या घरात हा किस्सा मी एकदाच सांगितला, त्यानंतर गुच्छ बांधायचं काम माझ्याकडून काढून घेण्यात आलं.

जीवशास्त्र घेतलेल्या मुलांसाठी एक वाक्य. तुम्ही ज्या पनेटच्या चौकटी काढता तो पनेट आणि त्याचे सहकारी बेटसन यांनी केंब्रिजला याच फुलावर काम केलं. दोन पांढऱ्या स्वीट पींचा संकर केला तर सगळी रोपं जांभळ्या फुलांची आली, आणि त्यांच्या पुढच्या पिढीत नऊ जांभळी तर सात पांढरी हे प्रमाण निघालं. पुस्तकातलं नऊला सात ते हेच. वाफा खाली आहे, येऊन बघा.

आता आपल्या पुण्याकडे येतो, कारण खरी मेख इथे आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं परदेशात. येताना आईबाबांसाठी बियांची सुंदर पाकिटं आणतात, बाहेर रंगीत चित्र, आत स्पेन्सर जात. आई मनोभावे लावते. वेल डोक्याएवढा होतो, हिरवागार, आणि फूल काही येत नाही. मग माती बदला, खत घाला, कोणी दृष्टसुद्धा काढतं. दोष मातीचा नाही, दृष्टीचाही नाही. दोष दिवसाच्या लांबीचा. या स्पेन्सर जाती साधारण बारा तासांचा दिवस झाल्याशिवाय नीट फुलावर येत नाहीत. इंग्लंडला त्या उन्हाळ्यात फुलतात, तिथला उन्हाळ्यातला दिवस भलामोठा. पुण्यात डिसेंबरअखेर दिवस असतो जेमतेम अकरा तासांचा. बारा तासांचा होतो तो मार्चच्या मध्यावर, आणि तेव्हा दुपारी पारा पस्तिशीला टेकलेला असतो. म्हणजे फुलायची वेळ आणि वाळायची वेळ एकच.

म्हणून आपल्याला हव्यात लहान दिवसांत फुलणाऱ्या जाती. पाकिटावर ‘विंटर’, ‘अर्ली’ किंवा ‘मॅमथ’ असा शब्द बघा. ‘विंटर एलिगन्स’ ही एक चांगली. फूल थोडं कमी झालरीचं असेल, चालेल. कुंडीत लावायचं असेल तर ‘बिजू’ किंवा ‘क्युपिड’ या बुटक्या जाती. त्यांना जाळी लागत नाही, एक-दीड फुटातच राहतात, पण देठ आखूड, फुलदाणीपेक्षा पेल्यातच शोभतात. मुलांना पाकिटं आणू नका असं सांगू नका, वाईट वाटतं त्यांना. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर जातीचं नाव पाठवा.

पेरणीची वेळ: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. यापुढे गेलात तर वर्ष गेलं असं समजा, कारण वेलाला मुळं धरायला दोन महिने लागतात आणि आपली थंडी लहान. पण याच दिवसांत परतीचा पाऊस कोसळतो, एका संध्याकाळी सगळं बी वाहून जातं किंवा कुजतं. म्हणून मी थेट वाफ्यात पेरत नाही. अर्धा लिटर दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन ठेवायच्या, तळाला चार भोकं, आत माती, गांडूळखत आणि कोकोपीट सारखं. याचं मूळ सरळ खोल जातं, त्यामुळे उथळ ट्रेपेक्षा ही उभी पिशवी बरी. गेल्या वर्षी पिशव्या जमवायला ए विंगमधल्या सगळ्या वहिनींनी मदत केली. आमच्या गॅलरीला डेअरीचा वास येत होता, तो भाग वेगळा.

बी कठीण कवचाचं असतं. रात्री कोमट पाण्यात भिजत घाला. सकाळी फुगलेलं बी बाजूला काढा. जे फुगलं नाही, त्याच्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूला नेलकटरने अगदी बारीक टवका काढा आणि पुन्हा काही तास भिजवा. एक इंच खोल टोचा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो, कधी पंधरासुद्धा लागतात, उकरून बघू नका. उंदीर आणि कबुतरं या दोघांनाही हे फार आवडतं, तेव्हा वर जुनी जाळी टाका. कबुतरांविषयी मी अधिक बोलत नाही, त्या विषयावर आपल्या सर्वसाधारण सभेत दोन तास चर्चा झालेली आहे.

रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. नव्या माणसाचं मन होत नाही. चांगलं वाढतंय आणि आपण डोकं उडवायचं! पण खुडलं की बुंध्यातून दोन-तीन जोमदार फुटवे येतात आणि फुलं त्यांच्यावर धरतात. न खुडलेला वेल एकटा बांबूएवढा उंच जातो आणि वर चार फुलं दाखवतो.

वाफा मात्र आधीपासून तयार हवा. इथे जरा थांबतो, कारण मेहनत सगळी इथेच आहे. बी विंगच्या मागची जमीन ही जमीन नव्हतीच. पंचवीस वर्षांपूर्वी बिल्डिंग झाली तेव्हाचा सगळा राडारोडा तिथे पुरलेला. दीड फूट खणताना आम्हाला फरशीचे तुकडे, सिमेंटची दगड झालेली गोणी, एक अख्खा नळ आणि मुलांनी हरवलेले सात चेंडू मिळाले. चर दीड ते दोन फूट खोल हवा. तळाला पालापाचोळा, त्यावर कुजलेलं शेणखत आणि माती, वर हाडांचा चुरा मूठ-मूठ. ज्यांना तो नको असेल त्यांनी शेणखतच वाढवावं, माझ्या मते फार बिघडत नाही. शेणखत जुनं हवं, मातीसारखं भुसभुशीत, ताजं नाही. ताजं घातलं तर मुळं जळतात आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही पेटतो. चर निदान पंधरा दिवस आधी भरून ठेवायचा म्हणजे माती बसते. पाणी साचू देऊ नका. आणि ऊन हवं, दिवसाला पाच-सहा तास, नाही तर नुसती पानं.

नत्राची खतं, युरिया वगैरे, याला घालू नका. हे वाटाण्या-वालाच्या कुळातलं झाड आहे, मुळांवरच्या गाठींमधून ते हवेतला नत्र स्वतःच मिळवतं. वरून युरिया दिलात तर पानं माजतात आणि कळ्या गळतात. कळीगळीची आणखी दोन कारणं: पाणी फार होणं, आणि आभाळ भरून आलेले ढगाळ दिवस. त्यात आपण काही करू शकत नाही, चार दिवस थांबायचं. हंगाम संपला की वेल मुळासकट उपटू नका. जमिनीलगत कापा, मुळं तशीच राहू द्या, गाठींमधलं मातीला मिळतं. आमच्या वाफ्यात पावसाळ्यात पुढे झेंडू किती जोरात येतो ते तुम्ही दसऱ्याला पाहता.

आधाराला सहा फुटी बांबू, फूट-फूट अंतरावर, आणि आडवी-उभी सुतळी. नायलॉनची जाळी स्वस्त पडते, पण उन्हाने तापते आणि वाळलेले वेल त्यातून सोडवता सोडवत नाहीत, फेकून द्यावी लागते. सुतळी वेलासकट खतात जाते. ज्यांना लांब सरळ देठ हवेत त्यांनी दोनच फुटवे ठेवून बाकीचे काढावेत, ताणेही खुडावेत आणि वेल बांबूला बांधत न्यावा. प्रदर्शनवाले असंच करतात. दरवर्षी जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे नजर ठेवून बघा, देठ कसे छडीसारखे असतात. घरासाठी एवढा खटाटोप नको. वेलाला आपले ताणे आहेत, त्याला चढू द्यावं.

रोग-कीड थोडक्यात. मावा येतो, शेंड्याला चिकटून, हिरवा. सकाळी पाण्याचा फवारा मारून धुऊन काढा, राहिला तर निंबोळी तेल. फेब्रुवारीत पानांवर पीठ पेरल्यासारखी भुरी येते, ती आली की हंगाम उताराला लागला समजा. पाण्याचं म्हणाल तर टँकरच्या दिवसांत कोणी तरी माझ्याकडे रागाने पाहतं हे मला कळतं. आमच्या दहा फुटांना एक दिवसाआड दोन बादल्या लागतात. त्यातली एक बादली डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्याची, चार घरांतून येते.

कापायचं कसं? सकाळी, ऊन चढायच्या आत. एका देठावर तीन-चार फुलं असतात. खालची दोन उमललेली आणि टोकाची अजून कळी असली की तो देठ कापायचा, पानाच्या बेचक्यापर्यंत, आखूड ठेवून नाही. लगेच बादलीत गळ्यापर्यंत पाण्यात, तासभर सावलीत. मग फुलदाणीत. पाणी रोज बदलायचं, त्यात चमचाभर साखर टाकली तर फुलं टिकतात. चार-पाच दिवस सहज. एक काळजी घ्या, फुलदाणी फळांच्या टोपलीजवळ नको. पिकणाऱ्या केळ्यांतून, आंब्यांतून जो वायू सुटतो त्याने ही फुलं एका रात्रीत मिटतात. डायनिंग टेबलावर केळ्यांचा फणा आणि शेजारी स्वीट पी, असं करून ‘तुमची फुलं टिकत नाहीत हो’ म्हणणारे तीन फ्लॅट आहेत. वही आहे माझ्याकडे.

देवाला चालतात का, हा प्रश्न मला किमान दहा जणांनी विचारला. शास्त्र मला ठाऊक नाही. वासाचं आहे, स्वच्छ आहे, घरचं आहे. बी विंगमधल्या आजी गेली दोन वर्षं बाळकृष्णाला वाहतात. गजरा मात्र होत नाही, पाकळी नाजूक, दोऱ्यात तासाभरात मान टाकते. आणि दिवेलागणीनंतर फूल तोडू नये असं आपल्याकडे म्हणतात, ते इथे आपोआप पाळलं जातं, कारण संध्याकाळी कापलेलं दिवसभरच्या उन्हाने आधीच दमलेलं असतं.

वासाचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०२१ मध्ये करोना झाल्यापासून आमच्या सौ.ना वास येत नाही. काही जणांचा परत आला, त्यांचा आला नाही. फोडणी करपली तरी कळत नाही, गॅसची काळजी मला घ्यावी लागते. वाफा करायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं होतं की या फुलाचा वास इतका दांडगा आहे, कदाचित… नाही आला. तीन वर्षांत एकदाही नाही. पण गुच्छ त्याच बांधतात. कुठला रंग कशाशेजारी, हे त्यांचं चालू असतं, आणि फुलं न्यायला आलेल्या प्रत्येकाला त्या विचारतात, ‘आज कसा आहे वास?’ कोणी म्हणतं मधासारखा, कोणी म्हणतं संत्र्याच्या फुलासारखा, चौथीतली एक मुलगी म्हणाली नव्या खोडरबरासारखा. सौ. ते सगळं वहीत लिहून ठेवतात, माझ्या आकड्यांच्या शेजारच्या रकान्यात.

आता तो धोका, आणि इथे पालकांनी लक्ष द्यावं. स्वीट पीच्या शेंगा वाटाण्यासारख्या दिसतात, बीही तसंच गोल. ते विषारी आहे. खायचं नाही, चाखायचंसुद्धा नाही. विदर्भातल्या मंडळींना लाखोळीची डाळ माहीत असेल. ती याच लॅथिरस वर्गातली. दुष्काळात महिनोन् महिने तीच खाऊन माणसांच्या पायांतली शक्ती गेली, कायमची. म्हणून १९६१ मध्ये देशात बहुतेक ठिकाणी तिच्या विक्रीवर बंदी आली. स्वीट पीमधलं विष थोडं वेगळ्या जातीचं. प्रयोगात जनावरांना हे बी खाऊ घातलं तेव्हा त्यांची हाडं वेडीवाकडी झाली. एखादा दाणा तोंडात गेला म्हणून लगेच घाबरून जायचं कारण नाही, पण मुलाने शेंगा खाल्ल्या असतील तर डॉक्टरांना नाव सांगून दाखवा. ‘गोड वाटाणा’ म्हणू नका असं मी सुरुवातीला म्हटलं ते यासाठी. चार वर्षांच्या मुलाला गोड आणि वाटाणा हे दोनच शब्द कळतात. आणि फुलं वेळेवर कापली तर शेंग धरतच नाही, म्हणजे धोकाही उरत नाही. लहान मुलं असलेल्या सोसायटीत हा वाफा ठेवायचा तर कापणारे हात भरपूर हवेत. एकट्या माझ्या गुडघ्यांच्या भरवशावर नको.

शेवटचा मुद्दा कमिटीसमोर आहे, म्हणून मोकळेपणाने बोलतो. बी विंगमागची ती चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पट्टी पेव्हर ब्लॉक घालून दुचाकी पार्किंगला द्यावी, असा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे आहे. ज्यांनी तो मांडला त्यांची अडचण खरी आहे. ज्यांच्या घरात तीन स्कूटर आहेत त्यांनी त्या डोक्यावर ठेवायच्या का? मी त्यांना विरोधक मानत नाही, त्यातले दोघं वाफ्यावरून नियमित फुलं नेतात, वहीत आहे. पण मी पट्टी स्वतः मोजली. चार फूट रुंदीत स्कूटर आडवी बसत नाही, तिरकी लावली तर मागचं चाक रस्त्यावर येतं आणि कचऱ्याची गाडी वळत नाही. लांबीत एकामागे एक लावल्या तर सहा बसतात, आणि मधली काढायला पुढच्या हलवाव्या लागतात. सहा स्कूटरसाठी चाळीस फूट माती जाणार. त्याऐवजी ए विंगच्या जिन्याखाली जुनी कपाटं, मोडके पाळणे, कोणाची तरी निवडणुकीची बॅनरं पडून आहेत. ती जागा मोकळी केली तर माझ्या हिशोबाने आठ दुचाक्या बसतात. मी नकाशा काढून सचिवांकडे दिलेला आहे. अग्निशमनाच्या नियमात ते बसतं का, हे तपासून घ्यावं लागेल, ते मी कमिटीवर सोडतो. जिन्याखाली नाही जमलं तर वीस फूट पार्किंगला द्या, वीस मातीला राहू द्या, मी तेवढ्यात भागवीन. पण पूर्ण पट्टी एकदा ब्लॉकखाली गेली की परत मिळत नाही, हे मतदान करताना लक्षात असावं.

कायद्याप्रमाणे वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. बी पेरायची वेळही तीच. निर्णय ऑक्टोबरवर ढकलला तर ठराव कसाही होवो, या वर्षीचा वाफा गेला. त्यामुळे कमिटीला विनंती, की सभेची तारीख सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत धरावी. पिशव्यांतली रोपं मी तयार करून ठेवतो आहेच, सभेने नाही म्हटलं तर ती कुंड्यांत वाटून टाकू, फुकट जाणार नाहीत.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगतो. गेल्या हंगामात बी, सुतळी, शेणखत आणि निंबोळी तेल मिळून एक हजार आठशे चाळीस रुपये झाले. बांबू जुनेच आहेत, अजून दोन वर्षं काढतील. हा खर्च सोसायटीच्या खात्यावर टाकलेला नाही, ताळेबंदात शोधू नका.

सभेने होकार दिला तर त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी सात वाजता चर खणायला घ्यायचा आहे. कुदळी दोनच आहेत, घमेली चार. ज्यांच्याकडे आणखी असतील त्यांनी आदल्या रात्री वॉचमनकडे द्याव्यात, मुठीवर फ्लॅट नंबर लिहून. दुधाच्या पिशव्या आत्तापासून जमवाव्यात, मात्र धुऊन. आणि ते सात चेंडू अजून माझ्याकडे आहेत. मालक आता नोकरीला लागले असतील, तरी ज्यांचे असतील त्यांनी घेऊन जावेत.

समोसे आले. थांबतो.